पांढऱ्या भाताचं तेज

८ मे

माझ्या चेहऱ्यात चोर शिरलाय. गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या पाळ्यांवर लाली आली आहे, आणि ती लाजेची नाही. बासष्टाव्या वर्षी मला लाजवील असा माणूस जावातल्या या क्लातेन गावात उरलेला नाही. हात लावला की चुरचुरतं, वरून बारीक कोंडा सुटतो. हातांच्या पाठीवरही तेच. गळ्यावर तर कबायाचा, म्हणजे आमच्या पोलक्याचा, गळा जिथे संपतो तिथपर्यंत नेमका त्रिकोण.

गंमत अशी की मनगटावरचं घड्याळ काढलं तर पट्ट्याखालची कातडी लख्ख. हनुवटीच्या खालीही काही नाही. म्हणजे चोराला आवडनिवड आहे. चाळीस वर्षं लोकांच्या मुली नवऱ्या म्हणून सजवण्यात गेली, शेकडो चेहरे हाताखालून गेले, पण असला नकाशा मी पाहिला नव्हता.

नवऱ्याला दाखवलं. सुगेंगनी कवड्याच्या पिंजऱ्यातून मान न काढता निकाल दिला, "म्हातारपण."

"म्हातारपणाला घड्याळाचा पट्टा दिसतो का हो?"

कवडा घुमला तेवढंच.

पायांची सूज मात्र उतरली. रक्तदाबाच्या आधीच्या गोळीनं पाय भोपळ्यासारखे झाले होते. रमजान संपल्यावर डॉक्टर हाप्सारीनं ही नवी दिली. पांढरी, चिमुकली, गुणाची. लघवीला तेवढी पळवते. रोज सकाळी पोटभर जेवून घ्यायची. चला, एक दुखणं तरी मार्गी लागलं.

१५ मे

चोर उटण्यात असावा असा संशय होता. या खेपेचं चंदन नव्या दुकानातलं आहे. उटण्यात माझे हात रोज असतात, म्हणून आधी हात, मग हातांवरून चेहरा, असा हिशोब बसवला. मग चंदन, हळद, तांदळाचं पीठ आणि वाळवलेला गुलाब, चारही वेगवेगळे कालवून सुगेंगच्या दंडावर लावले आणि त्यांना हलू नका म्हणून सांगितलं. दुपारभर बिचारे एक हात आडवा धरून बसले. तुतिक आली आणि दारातच हसत सुटली.

"मावशी, काकांचं लग्न लावताय की काय?"

तुतिक माझी भाची. गेली पंधरा वर्षं माझी पेटी धरते, नवरीचे केस बांधते, आणि माझ्यामागे हे काम तिचंच.

संध्याकाळी दंड धुतला. काही नाही. उलट दंड उजळला. चंदन निर्दोष सुटलं.

२३ मे

काल शेजारच्या गावात लग्न होतं. नेहमीप्रमाणे त्याआधी पांढरं व्रत केलं. माझ्या आईनं शिकवलेलं आहे ते: नवरीच्या कपाळाला हात लावायचा तर आधी स्वतःला निवळून घ्यायचं. पांढरा भात आणि पाणी. मीठ नाही, मिरची नाही, साखर नाही, आणि अर्थात गोळीही नाही. गोळी जेवणानंतरची, आणि नुसता भात म्हणजे काही जेवण नव्हे. शिवाय नवरीच्या पुढ्यात बसल्यावर मध्येच लघवीला पळता येत नाही. व्रतात मी घराबाहेरही पडत नाही, आत बसून कुटणं-चाळणं चालतं.

आणि नवल बघा! चेहरा शांत झाला. पूर्ण नाही, पण चुरचुर गेली, कोंडा झडला. तुतिकनंही ओळखलं. "मावशी, तेज आलं."

म्हणजे चोर उटण्यात नाही, ताटात आहे. मी खाते त्यातलंच काहीतरी. आता एकेक पदार्थ परत ताटात घेणार आणि बघणार. मला फार मजा वाटते आहे, खरं सांगायचं तर.

४ जून

पहिल्यांदा अंडं घेतलं. रोजचं जेवण सुरू झालं, गोळी सुरू झाली, अंगणात हळद वाळवायची कामंही सुरू झाली, आणि चार-सहा दिवसांत गाल पुन्हा लाल. अंडं दोषी! अंडं बंद केलं. तरी लाली हटेना. मग सुकटीचा वडीसारखा मसाला, तो बंद केला. आमच्याकडे चटणीत तो नसेल तर चटणीला अर्थ नाही. सुगेंगनी आज पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं.

"ही चटणी आहे की मिरचीचं सुतक?"

"माझा चेहरा महत्त्वाचा की तुमची चटणी?"

ते विचारात पडले. एवढा वेळ विचार करावा लागतो हे बघून मला राग आला.

सुकट बंद करूनही लाली आहेच. आता शेंगदाण्यांवर पाळत.

१२ जून

आज मन उदास आहे.

लारासचं लग्न ठरलं. लारास तुतिकची थोरली. मी तिला पाळण्यात घातली, तिचे कान मी टोचले, आणि चार वर्षांची असताना काजळाचं बोट कपाळाला लावून ती माझ्यापुढे येऊन बसली होती, "आजी, माझी पाएस काढ." नवरीच्या कपाळावरची काळी पाकळ्यांची नक्षी म्हणजे पाएस. ती लारासच्या कपाळावर मी काढायची, हे घरात कुणी बोलूनही दाखवलेलं नाही इतकं ठरलेलं. सुरोचा महिना लागला की लग्नं बंद, म्हणून तारीख जुलैच्या दुसऱ्या रविवारची धरली आहे.

वरमाई हार्तिनी. तिचं बातिकच्या कापडाचं दुकान आहे, बोलणं कात्रीसारखं. सुपारी फुटली तेव्हा ती माझ्यासमोर बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पावडर चोपडली होती, पण उजेडात काय लपणार! आज तुतिककडे तिचा निरोप आला: जिचं स्वतःचं तोंड भाजलेलं, ती सुनेचं काय उजळणार? दुसरी कुणी बघा.

तुतिकनं हे मला सांगताना मान वर केली नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे तिचं." घरी येऊन रडले. चाळीस वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं.

१३ जून

रडून झालं. आता डोकं चालवायचं. शेंगदाणे, अंडं, सुकट, कुणाचाही गुन्हा नीट शाबीत होत नाही. पण पांढऱ्या व्रतात चेहरा निवळतो हे शाबीत आहे. मग थोडं व्रत कशाला, मोठं करू. आजपासून लग्नापर्यंत पांढरा भात आणि पाणी. सुगेंग म्हणाले, "हाडं दिसतील." म्हटलं, "दिसू देत, पण हाडांवरची कातडी स्वच्छ दिसेल."

२५ जून

चेहरा बघत राहावा असा झालाय! लाली गेली, कातडी पातळ आणि मऊ, जणू आईच्या वेळचा आरसा परत मिळाला. दारावर आलेली मासेवाली म्हणाली, "काय लावता हो?"

आणि आज तर हार्तिनी स्वतः घरी आली. निमित्त साखरपुड्याच्या कापडाचं, पण आली होती तोंड बघायला. मला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून इकडे-तिकडे वळवलं, जसं तिच्या दुकानातलं कापड. मग हनुवटी सोडली आणि म्हणाली, "बू वार्नी, मी बोलले ते विसरा. सुनेच्या कपाळावरची पाएस तुम्हीच काढायची." बू म्हणजे मानाची हाक, सुपारीच्या दिवशी तिनं ती गिळली होती.

मला इतका आनंद झाला की चहा करताना भांडं उलटलं.

मग जरा सरकून बसली. "आणि मला पण सांगा हे व्रत. वरमाई फोटोत असते हो, नवरीच्या शेजारीच."

सगळं सांगितलं. काहीही हातचं राखलं नाही. तिनं विचारलं, "माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, त्या चालतील?"

"व्रत म्हणजे व्रत. मी नाही घेत."

तिनं मान डोलावली. जाताना माझे दोन्ही हात धरले. लारासचं कपाळ माझं झालं.

हल्ली कानात जरा भुंगा गुणगुणतो आणि मानेत ठणका असतो. उपाशी पोटामुळे असेल.

२९ जून

आज लारासच्या कपाळावर पाएसचा सराव होता. तिला पांढरं वस्त्र लपेटून बसवलं, वेळूची काडी काळ्या लेपात बुडवली, मधल्या मोठ्या पाकळीपासून सुरुवात केली. ती रेघ मी डोळे झाकून काढू शकते. रेघ काढली आणि मागे सरकले. तुतिक मान तिरकी करून बघत होती.

"काय गं?"

"मावशी, वाकडी आहे."

पुसली. परत काढली. परत वाकडी. दोन भुवयांच्या चार दिसत होत्या. तेवढ्यात लारास ओरडली, "आजी, रक्त!" तिच्या पांढऱ्या वस्त्रावर टपटप थेंब पडत होते. माझ्या नाकातून.

मला दवाखान्यात न्यायला तुतिकनं पंधरा मिनिटंही लावली नसतील. रक्तदाब दोनशेच्या वर. डॉक्टर हाप्सारी तिशीची पोर, पण आज तिनं मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं.

"गोळी घेता ना?"

"व्रत आहे."

"व्रतात भात चालतो?"

"तेवढाच चालतो."

"मग भातावर गोळी घ्या. वरती कुणी रागावलं तर माझं नाव सांगा."

माझा चेहरा एवढा छान निवळलेला, पण त्याच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिथेच एक गोळी घ्यायला लावली, आणि रक्तदाब जरा उतरेपर्यंत खाटेवरून उठू दिलं नाही. घरी आल्यापासून सुगेंग माझ्याभोवती घिरट्या घालताहेत. कवड्याला दाणे टाकायचे विसरले.

मी घाबरले आहे. नाकापेक्षा त्या वाकड्या रेघेनं जास्त घाबरवलं.

३ जुलै

भुंगा गेला, भुवया पुन्हा दोनच झाल्या. व्रत मोडलेलं नाही. पांढरा भात, पाणी, आणि डॉक्टरच्या नावावर एक गोळी. घराबाहेर न पडण्याचा नियम दवाखान्यात जाऊन मोडलाच होता, म्हणून काल आणि परवा दिवसभर अंगणात बसून लारासच्या उटण्यासाठी गुलाब आणि हळद वाळवली. ऊन मी म्हणत होतं.

आज सकाळी आरशात बघितलं. लाल! गाल, नाक, कानांच्या पाळ्या, गळ्यावरचा त्रिकोण, सगळे आपापल्या जागी हजर.

पहिल्यांदा वाटलं, व्रतात गोळी घेतली त्याची ही शिक्षा. खाटेवर बसून राहिले. पण मग विचार केला, शिक्षा देणारा घड्याळाच्या पट्ट्याखालची जागा का सोडतो? आणि अंडं नाही, सुकट नाही, शेंगदाणा नाही, मिठाचा कणही नाही. भात आणि पाणी तर गेले तीन आठवडे आहेच, तेव्हा काही झालं नाही. मग नवं काय आलं?

मी उठून उभी राहिले. गोळी! ती चिमुकली, पांढरी, गुणाची! आणि ती एकटी नाही, तिच्या जोडीला ऊन. व्रतात मी दोघांनाही सोडत होते आणि श्रेय भाताला देत होते. महिनाभर त्या गरीब सुकटीला सुळावर चढवलं आणि चोराला रोज सकाळी पाण्याबरोबर घरात घेतलं.

राग यायला हवा होता, पण मी एकटीच मोठ्यानं हसले. सुगेंग धावत आले. "काय झालं?"

"आज चटणीत सुकट घालते तुमच्या."

बिचाऱ्यांचे डोळे पाणावले.

४ जुलै

दवाखान्यात गेले. डॉक्टर हाप्सारी मला बघून खुर्चीतून उठली. घड्याळ काढायला लावलं, हनुवटी वर करायला लावली, कानामागे पाहिलं. म्हणाली, काही जणांच्या कातडीला या गोळीमुळे ऊन सोसत नाही.

"हे कधीपासून आहे?"

"मे महिन्यापासून."

"आणि मला आज दाखवताय?"

"असं तोंड घेऊन डॉक्टरकडे कसं यायचं? मी दरवेळी पावडर लावून आले."

तिनं कपाळाला हात लावला. मग गोळी बदलून दिली, लावायला मलम दिलं, उन्हापासून जपायला सांगितलं. लाली जायला मात्र वेळ लागेल म्हणाली.

"रविवारी लग्न आहे हो. तेवढे चार दिवस एकही गोळी घेतली नाही तर?"

"तर तोंड स्वच्छ राहील, बू वार्नी. पण लकव्यानं वाकडं होईल. तुतिकनं सांगितलेल्या त्या रेघेसारखं."

नवी गोळी पिशवीत टाकली.

सुगेंगच्या मागे मोटारसायकलवर बसून, तोंडाला ओढणी गुंडाळून परत येत होते. बातिकच्या दुकानावरून गेलो आणि मला एकदम आठवलं. हार्तिनी! मी तिला गोळ्या बंद करायला सांगितल्या आहेत. मीच.

थांबले नाही. घरी आले. खरं तेच लिहिते: मी दुपारभर वाटा शोधत बसले. आज सांगायला गेले तर हे लाल तोंड घेऊन जावं लागेल, आणि माझं तेज पोकळ होतं हे कबूल करावं लागेल. लारासचं कपाळ गेलंच समजायचं. रविवारनंतर सांगितलं तर? चिठ्ठी पाठवली तर? तुतिककडून सांगवलं तर? प्रत्येक वाटेच्या टोकाला ती लारासच्या वस्त्रावरची टपटप ऐकू येत होती. उद्या सकाळी जाते.

५ जुलै

ती दुकानात नव्हती, आतल्या खोलीत पडदे ओढून आडवी होती. कपाळाला मलम, उशाशी पाण्याचा तांब्या. पण उठून बसली आणि आधी गालच पुढे केला.

"बघा, बघा! किती मऊ झालाय. डोकं मात्र फुटतंय हो. तेज आत शिरताना असं होतं का?"

मी ओढणी काढली. पावडर लावली नव्हती.

तिनं पुढे केलेला गाल मागे घेतला. मी सगळं सांगितलं. गोळीचं, उन्हाचं, भाताचं, नाकातल्या रक्ताचं.

"म्हणजे ते तेज?"

"गोळी न घेतल्याचं होतं."

"आणि त्यावर मी हो म्हटलं!"

"आता नाही म्हणा. पण आधी दवाखान्यात चला."

"तुमच्याबरोबर? तुम्हीच मला मारायला निघाला होतात!"

"म्हणूनच माझ्याबरोबर. उठा, चप्पल घाला."

रिक्षात ती खिडकीबाहेर बघत बसली. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला आणि आकडा आला तेव्हा डॉक्टर हाप्सारीनं आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं मला वाटलं. एकशे चौऱ्याण्णव. हार्तिनीनं चष्मा लावून तो आकडा पुन्हा वाचला. तिची जी जुनी गोळी होती तीच तिला दिली, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच झोपवून ठेवलं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

परतताना दुकानाच्या पायरीवर ती थांबली. "कपाळ तुतिक करेल. लोक काय म्हणतील ते मला ऐकायचं नाही."

"बरं."

"बरंच आहे ते."

घरी येऊन तुतिकला पेटी दिली. माझी वेळूची काडी, आईची होती ती, तिच्या हातात ठेवली. तुतिक म्हणाली, "मावशी, मी आई आहे तिची, माझा हात थरथरेल." म्हटलं, थरथरू दे, मी मागे बसेन. तिच्यादेखत हसले. ती गेल्यावर रडले, मोठ्यानं, सुगेंगच्या खांद्यावर. ते पाठीवरून हात फिरवत राहिले.

९ जुलै

लग्न झालं.

पहाटे लारासला खोलीत बसवलं. मी तिच्या नजरेआड, तुतिकच्या पाठीशी बसले. तुतिकनं काडी उचलली आणि खरंच तिचा हात थरथरला. मी काडीला हात लावला नाही, तोंडानं फक्त सांगत होते: श्वास सोड, सगळा सोड, आता रेघ ओढ. मधली पाकळी उतरली. मग दोन्ही बाजूंच्या. लारासनं डोळे मिटलेले होते, मध्येच विचारलं, "आजी आहे ना?" म्हटलं, "आहे गं, बोलू नकोस, पाकळी हलते." शेवटची रेघ झाल्यावर तुतिकनं काडी खाली ठेवली आणि पदरात तोंड घालून हुंदके दिले. कपाळ सुरेख उतरलं होतं. माझं असतं तर बहुतेक इतकंच सुरेख असतं, जास्त नाही. हे लिहिताना जड जातं, पण खरं आहे.

मांडवात मी टोकाची खुर्ची धरली. मागच्या बायकांची कुजबुज कानावर येत होती. एक म्हणे, बघा हिचं तोंड, नवरीची सगळी इडापीडा हिनं स्वतःवर ओढून घेतली. दुसरी म्हणे, म्हणूनच नवरी इतकी उजळली. मी वळून म्हटलं, "गोळीनं झालंय हो, रक्तदाबाच्या गोळीनं!" त्यांनी एकमेकींकडे पाहून मान हलवली, मोठी माणसं अशीच बोलतात म्हणून.

दुपार चढली आणि कनातीच्या फटीतून ऊन थेट माझ्या खुर्चीवर आलं. मी ओढणी पुढे घेतली. एवढ्यात वरच्या ओट्यावर, नवरा-नवरीच्या शेजारच्या मानाच्या खुर्चीतून हार्तिनी उठली. पाहुणे हात मिळवायला रांगेत उभे होते, त्यांना तसंच सोडून, सोन्याच्या पिना आणि किनखापी पदर सावरत सगळ्या मांडवातून चालत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"इथं ऊन येतंय. उठा."

"मी बरी आहे इथं."

"बरी आहे म्हणे! आधी मला भातावर ठेवलं, आता स्वतःला भाजून घेताय. उठा, बू वार्नी. माझ्याशेजारी बसा."

"लोक काय म्हणतील?"

"ते मी बघते."

दंडाला धरून तिनं मला उठवलं, ओट्यावर नेलं, एक खुर्ची मागवून आपल्या खुर्चीला चिकटवून ठेवली. रांगेतल्या प्रत्येक माणसानं तिच्या हातानंतर माझा लाल, सोललेला हात हातात घेतला. घ्यावाच लागला. लारास कपाळ न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत हसत होती.

फोटोवाल्यानं सगळ्यांना सरळ बसायला सांगितलं. हार्तिनी ओठ न हलवता पुटपुटली, "सकाळची गोळी घेतली का?"

"घेतली. तुम्ही?"

"घेतली."

मग आम्ही दोघी समोर बघून हसलो, आणि त्यानं फोटो काढला.